आई कर्झनला बिचारा म्हणाली

मागच्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे इंग्लंडात डर्बीला आली होती. दीड महिना राहिली. पहिले पंधरा दिवस तिने "इथलं ऊन नुसतं दिसायला" असं म्हणत काढले, उरलेले खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या मांजरावर लक्ष ठेवण्यात. परत जायच्या चार दिवस आधी मी तिला केडलस्टन हॉल बघायला नेलं. आमच्या घरापासून गाडीने पाव तास. आठ वर्षं इथे राहून मी स्वतः एकदाच गेले होते, तेही केक खायला. कर्झनचं घर म्हटल्यावर आईचे डोळे चमकले. कमरेला पट्टा बांधून, पांढरे बूट घालून ती सकाळी आठलाच तयार. दीडशे खिडक्या पुसून ठेवल्यासारख्या त्या घरात आम्ही खोलीमागून खोली बघत होतो. प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक बसलेला, छातीवर बिल्ला, सत्तरीच्या पुढचं वय, आणि 'तुम्ही कुठून आलात' हा प्रश्न तयार. एका बोळकांडीवजा खोलीतल्या आजोबांनी कर्झनच्या लहानपणाची गोष्ट सांगितली. मी ती वाक्यावाक्याने मराठीत आईला सांगत होते. गोष्ट संपली तेव्हा आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, खिडकीबाहेर बघितलं आणि हळूच म्हणाली, "बिचारा."

कर्झनला. बिचारा.

माझी आई कराडच्या एका शाळेत तेहतीस वर्षं इतिहास शिकवत होती. आमच्या घरी कर्झन हा शब्द कंस, शकुनीमामा यांच्या रांगेतला. बंगालच्या फाळणीची कारणे लिहा, गुण पाच, हा प्रश्न तिने किती पिढ्यांकडून घोटून घेतला असेल देव जाणे. फळ्यावर '१६ ऑक्टोबर १९०५' लिहून ती खडूने खाली दोन रेघा मारायची, दुसरी रेघ मारताना खडू हमखास मोडायचा. मी तिच्याच वर्गात होते, त्यामुळे मला घरी आणि शाळेत दोन्हीकडे कर्झन भेटायचा. गोखल्यांबद्दल तर ती घरच्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलते. बनारसच्या काँग्रेसमध्ये, १९०५ साली, अध्यक्षपदावरून बोलताना नेमस्तातल्या नेमस्त गोखल्यांनी कर्झनच्या कारभाराला जोड शोधायची तर औरंगजेबापर्यंत मागे जावं लागेल असं म्हटलं होतं. हे सांगताना आई दरवेळी थांबायची. "औरंगजेब," ती पुन्हा म्हणायची, "आणि हे कोण म्हणतंय? गोखले!" मराठी माणसाने औरंगजेबाचं नाव घेतलं म्हणजे पुढे काही बोलायचं उरत नाही. आणि त्याच बाईने कर्झनच्याच घरात उभं राहून त्याला बिचारा म्हणावं हे मला जरा लागलंच. गाडी चालवत घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. मी तिला लगेच विचारलं नाही. तिचं सामान बांधायचं होतं, वजनकाट्यावर बॅग तेवीस किलोच्या पुढे जात होती, आणि काही गोष्टी विचारायच्या राहून जातात त्या अशाच.

घराबद्दल सांगायला हवं, कारण ते घर कळल्याशिवाय तो माणूस कळत नाही. कर्झन घराणं केडलस्टनला बाराव्या शतकापासून आहे. त्यांचं ब्रीदच मुळी असं की कर्झनकडे जे होतं ते कर्झनकडेच राहो. आत्ताचं घर १७५९ नंतर बांधलं, बरंचसं रॉबर्ट ॲडमच्या हातचं. आत शिरल्या शिरल्या संगमरवरी दिवाणखाना, त्यात अलाबास्टर दगडाचे वीस खांब, मांसाच्या पातळ तुकड्यासारख्या गुलाबी-तपकिरी शिरा असलेले. ते इतके उंच की आईने वर बघताना मानेवर हात ठेवला. पाहुण्यांनी बघावं, दबून जावं, एवढ्यासाठीच ते घर आहे. राहायला कुणाला सोयीचं असेल असं वाटत नाही. गंमत म्हणजे कलकत्त्याचा गव्हर्नमेंट हाउस याच घराच्या नकाशावरून बेतला होता, गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या काळात. म्हणजे कर्झन पुढे व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला गेला तो आपल्याच घराच्या नकलेत राहायला गेला. सगळ्या खुर्च्यांवर सुरूच्या फळासारखं एकेक काटेरी बोंड ठेवलं होतं, कुणी बसू नये म्हणून. कंबर दुखणाऱ्या बाईला एवढ्या खुर्च्या दाखवून बसू न देणं हा छळच आहे. एका खोलीत स्वयंसेवक बाईंनी स्वतः उठून तिला आपली घडीची खुर्ची दिली.

बागेकडच्या खिडकीतून नुसतं हिरवं दिसतं. तळं, पूल, मेंढ्या, वळणावळणाची वाट. हे सगळं हाताने केलेलं आहे. घर बांधताना इथे एक गाव होतं, ते देखाव्याच्या आड येत होतं म्हणून उचलून पलीकडे नेलं. रस्तासुद्धा हलवला. फक्त जुनं चर्च जागेवर ठेवलं, ते आजही घराला खेटून उभं आहे, पाहुण्यांच्या गर्दीत चुकलेल्या गावाकडच्या नातेवाइकासारखं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमचं देऊळ तरी कुठं हलवलं?" तिचं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलं. तिथे माणसं हलवली, देव पाण्यात राहिला. इथे देव राहिला, माणसं हलवली. धरणाला निदान वीज तरी होती, असं काहीसं ती पुटपुटली आणि पुढच्या खोलीत गेली.

तर त्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट. जॉर्ज नथॅनियल कर्झन १८५९च्या जानेवारीत याच घरात जन्मला. बाप लॉर्ड स्कार्सडेल, जहागीरदार आणि त्याच गावचा पाद्रीही. आईला अकरा मुलं झाली आणि जॉर्ज सोळा वर्षांचा असताना ती गेली, चाळिशी गाठायच्या आत. पण आई होती तेव्हाही मुलं वरच्या मजल्यावर, दाईच्या ताब्यात. मिस पॅरामन तिचं नाव. ती मुलांना मारायची, खुर्चीला बांधून ठेवायची, अंधारात कोंडायची, त्यांच्या आवडीच्या वस्तू मोडून टाकायची. जॉर्जला तिने एकदा बटलरला चिठ्ठी लिहायला लावली, की मला मारण्यासाठी एक चांगली छडी करून द्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कागदाची उंच टोकदार टोपी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'खोटारडा', 'चुगलखोर', 'भित्रा' असं लिहून ती टोपी घालून त्याला गावातून फिरवलं. बाग, फाटक, मग गाव. जहागीरदाराच्या थोरल्या मुलाला अशा टोपीत चालताना बघून त्याच गावकऱ्यांना काय वाटलं असेल, ज्यांच्या आज्या-पणज्यांचं गाव देखाव्यासाठी उचललं होतं? त्याने मोठेपणी लिहून ठेवलंय की चांगल्या घरात जन्मलेली मुलं आमच्याइतकी आणि इतक्या रास्त कारणाने कधी रडली नसतील. पण त्याच टिपणात तो हेही म्हणतो की टापटीप, काटकसर, पद्धतशीरपणा या सवयी आम्हाला तिनेच लावल्या. मला हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त भयंकर वाटतं.

आणि त्या सवयी लागल्याही पक्क्या. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाल्यावर हा गृहस्थ स्वयंपाकघराचे हिशेब स्वतः तपासायचा आणि कोंबड्यांच्या आकड्यातली लबाडी पकडायचा. चाळीस वर्षांच्या माणसाच्या हाती सगळा देश आणि हा कोंबड्या मोजतोय. पुढेही घरातले नोकर नेमणं, चित्रं कुठे टांगायची ते ठरवणं, सगळं स्वतः. मोलकरणींच्या मुलाखतीसुद्धा. मला वाटतं, लहानपणी ज्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही तो मोठेपणी दुसऱ्यावर ठेवत नाही. पण हे माझं आपलं, संध्याकाळी चहा पिताना सुचलेलं मानसशास्त्र.

पाठीचंही असंच. पोरवयात घोड्यावरून पडला, आणि एकोणिसाव्या वर्षी पाठीच्या कण्याने दगा दिला तो कायमचा. त्यानंतर मरेपर्यंत तो पोलादी पट्ट्यांचा, चामड्याचा आवळ घालून वावरला. कपड्यांच्या आत. तो ताठ उभा राहायचा, मान न वळवता अख्खा वळायचा, आणि लोकांना वाटायचं केवढा ताठा. ऑक्सफर्डमध्ये असतानाच पोरांनी त्याच्यावर चार ओळींचं टवाळ कवन केलं होतं, मी जॉर्ज नथॅनियल कर्झन, फार वरच्या प्रतीचा माणूस, अशा अर्थाचं. ते त्याला आयुष्यभर चिकटलं. दरबारात तासन् तास उभं राहिल्यावर रात्री तो वेदनेने तळमळायचा आणि तसाच पडल्या पडल्या पहाटेपर्यंत कागद हातावेगळे करायचा. हे ऐकताना आईने नकळत आपल्या कमरेचा पट्टा वेल्क्रोचा खर्रकन आवाज करत सोडला आणि पुन्हा घट्ट लावला. शांत खोलीत तो आवाज इतका मोठा झाला की दोन गोरी माणसं वळून बघू लागली.

पण कणा दुखतो म्हणून एका प्रांताचे दोन तुकडे माफ होत नाहीत.

मी मुद्दाम हे स्वतःला बजावत होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात सरकारी मदतीवर जगणाऱ्यांचा आकडा ६० लाखांच्या वर गेला होता. गुजरात, खानदेश, आपलं दख्खन, सगळं होरपळलेलं. त्यातही कर्झनला काळजी होती की सढळ हाताने दिलं तर लोकांचा स्वावलंबनाचा कणा मोडेल. कणा हा शब्द मी वापरतेय, त्याच्या मनात काय होतं ठाऊक नाही, पण अर्थ तोच. काँग्रेस आता कोसळायच्या बेतात आहे आणि तिला सुखाने मरायला मदत करावी ही माझी मोठी इच्छा आहे, असं त्याने १९०० मध्ये भारतमंत्र्याला कळवलं होतं. कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदानाला जाऊन, खरेपणा ही मुळात पाश्चात्त्यांची चीज आहे असं त्याने भर सभेत बंगाल्यांना ऐकवलं. त्यावर 'अमृतबझार पत्रिके'ने त्याच्याच पुस्तकातला उतारा छापला, ज्यात हे महाशय कोरियात गेल्यावर आपण तेहेतिशीचे असताना वय चाळीस सांगतात. 'खोटारडा' लिहिलेली टोपी या वेळी त्याला बंगाली संपादकाने घातली म्हणायची. आई ही गोष्ट वर्गात फार रंगवून सांगायची. मुलं बाकं बडवायची.

आणि तरीही हिशेब सरळ बसत नाही. सियालकोटला एका हिंदुस्थानी स्वयंपाक्याला गोऱ्या घोडेस्वारांनी मारून टाकलं, रेजिमेंटने प्रकरण दाबलं, तेव्हा याच कर्झनने त्या अख्ख्या नवव्या लान्सर्सना शिक्षा केली. आपल्याच लोकांचा राग ओढवून घेतला. दिल्ली दरबारात ती पलटण समोरून गेली तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांनी मुद्दाम टाळ्यांचा कडकडाट केला आणि हा घोड्यावर दगडासारखा बसून राहिला. पुरातत्त्व खातं त्याने पुन्हा उभं केलं, १९०४ चा प्राचीन वास्तूंचा कायदा त्याचा. आज किल्ल्यांच्या दारात दिसतात त्या निळ्या पाट्यांवरच्या कायद्याचा आजा तो. गावातून माणसं उठवणाऱ्या घरातला हा मुलगा दगड मात्र जागच्या जागी जपायचा. ताजमहालात आत गेल्यावर वर जो पितळी दिवा लटकतो ना, तोही याने कैरोत घडवून घेऊन मुमताजच्या कबरीला वाहिलेला. आईबरोबर मी २००३ साली तो बघितला होता. तेव्हा आम्हा दोघींना तो शहाजहानचाच वाटला होता.

खाली तळमजल्यावर त्याने हिंदुस्थानातून आणलेल्या वस्तूंचा संग्रह आहे. हस्तिदंत, तलवारी, संस्थानिकांनी आणि नगरपालिकांनी दिलेल्या मानपत्रांच्या चांदीच्या नळ्या आणि पेट्या. मानपत्रं वाचायला कोणी थांबत नाही. सगळे थांबतात ते मोरपिशी पोशाखापाशी. १९०३ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाल किल्ल्यात दरबाराचा नाच झाला तेव्हा लेडी कर्झनने, मेरीने घातलेला. कापड आपल्याकडे भरलेलं, सोन्याचांदीच्या तारेने, एकावर एक मोरपिसं चढवत खालपर्यंत. मग ते पॅरिसला वर्थच्या पेढीवर पाठवून शिवून घेतलं. वजन साडेचार किलोच्या आसपास. काचेमागे उजेड अगदी मंद ठेवलाय. तार काळवंडली आहे, जुन्या शालूच्या पदरासारखी, आणि त्या काळपटपणातून प्रत्येक पिसाचा डोळा हिरवागार चमकतो. आईने चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला लागेपर्यंत वाकली आणि ओरडलीच, "अगं, ही सोनपाखरं!"

खरंच सोनपाखरं. त्या किड्याचे हिरवे पंख कापून, टाचून प्रत्येक डोळा केलेला. पावसाळ्यात बाभळीवर सापडणारी, आम्ही काडेपेटीत पाला घालून पाळायचो ती. काडेपेटी कानाला लावली की आत खरवडल्यासारखा आवाज यायचा. दोन दिवसांनी यायचा बंद. मेलेल्या सोनपाखराचा रंग मात्र उडत नाही, म्हणून मेलेलं आम्ही कंपासपेटीत ठेवायचो. इथे सव्वाशे वर्षांनंतरही उडालेला नाही. चांदी काळी पडली आणि किडा तसाच. आई बराच वेळ त्या एकेका डोळ्यावरून बोट फिरवत होती, काचेवरून. मला उगाच आठवलं की हा पोशाख नाचून झाल्यावर अडीच-तीन वर्षांतच, ७ ऑक्टोबर १९०५ ला, पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. कोट, टोप्या, गाडीभर कपडे. दिल्लीचा कापडकाम करणारा कारागीर, त्याची तार, पॅरिसची सुई आणि बाभळीवरचा किडा, यातलं विलायती किती आणि देशी किती ते त्या होळीवाल्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक. बहुतेक ते म्हणाले असते, आधी टाक, मग विचार.

मेरी लीटर शिकागोची. बाप मोठा व्यापारी, पैसा रग्गड. १८९५ मध्ये वॉशिंग्टनला लग्न झालं. जहागिरीला पैसा हवा होता आणि पैशाला किताब, असे सौदे तेव्हा बरेच होत, पण या सौद्यात दोघं एकमेकांच्या प्रेमात पडली. तीन मुली झाल्या. मुलगा झाला नाही. १९०४ मध्ये ती मरणाच्या दारातून परत आली आणि तशीच पुन्हा हिंदुस्थानात गेली. कर्झनचा लष्करप्रमुख किचनरशी झगडा विकोपाला जाऊन त्याने राजीनामा दिला, नोव्हेंबर १९०५ मध्ये दोघांनी मुंबई सोडली, आणि पुढच्या जुलैत ती लंडनमध्ये वारली. वय छत्तीस. चर्चमध्ये त्याने तिच्यासाठी एक लहानसं दालन बांधून घेतलं. जमिनीला हिरवट चमकणारा दगड, वर पांढऱ्या संगमरवरात ती दोघं शेजारी शेजारी पहुडलेली, देवदूत वाकून बघतायत. बाहेर पाऊस आणि आत हिरवा उजेड, विहिरीत उतरल्यासारखा. आईने दाराशी बूट काढले. मी म्हटलं, अगं इथे नाही काढत. "असू दे," म्हणाली आणि मोज्यांवर आत गेली. मेरीच्या पायाशी उभी राहून विचारलं, "आधी ही गेली का?" मी हो म्हटलं. "म्हणजे सवाष्ण गेली," असं म्हणून तिने हात जोडले. मग लगेच पुढचा प्रश्न, "त्यानं दुसरी केली असेल?"

केली. १९१७ मध्ये, ग्रेस डगन नावाच्या अमेरिकन विधवेशी. त्याआधी एलिनॉर ग्लिन ही कादंबरीकार बरीच वर्षं त्याच्या आयुष्यात होती. त्याच्यासाठी ती मॉन्टाक्यूटचं घर सजवत होती आणि त्याचं लग्न ठरल्याचं तिला वर्तमानपत्रातून कळलं. ग्रेसची एक गोष्ट तिच्याच आठवणींतली म्हणून सांगितली जाते. कर्झन गेल्यावर ती तळघरातल्या कबरींपाशी उतरली तर तिथे एका रिकाम्या कोनाड्यात त्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती, ही जागा दुसऱ्या लेडी कर्झनसाठी राखीव. आईला हे सांगितल्यावर ती हसू दाबत चर्चबाहेर आली. "एसटीत रुमाल टाकतात तसं," म्हणाली.

मुलींचं मात्र हसण्यासारखं नाही. थोरली आयरीन, मधली सिंथिया, धाकटी अलेक्झांड्रा. धाकटीचं मधलं नाव नालदेरा, शिमल्याजवळच्या त्या गावावरून, जिथली देवदारं बापाला फार आवडायची. आईचे पैसे मुलींच्या नावावर होते आणि ते त्यांना मिळू नयेत, घराण्यात राहावेत म्हणून बाप त्यांच्याशी झगडला. आयरीनशी तर कायमचं बिनसलं. कर्झनकडे जे होतं ते कर्झनकडेच राहो, पण मुलगी म्हणजे कर्झन की नाही? बायकांना मत देऊ नये म्हणून जी संघटना निघाली होती तिचा हा अध्यक्ष. मधली सिंथिया ऑस्वल्ड मोस्लीशी लग्न करून मजूर पक्षात गेली आणि १९२९ मध्ये इथून तासाभरावरच्या स्टोकमधून निवडून येऊन खासदार झाली. बाप तेव्हा हयात नव्हता, बरंच झालं. नवरा पुढे फॅसिस्ट झाला, आणि ती १९३३ मध्ये चौतिसाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेली. आईसारखीच, ऐन तारुण्यात. त्यानंतर मोस्लीची धाकट्या मेव्हणीशीही जवळीक झाली. आयरीनने लग्न केलं नाही, लंडनच्या गरीब वस्तीतल्या मुलींसाठी काम केलं, आणि १९५८ मध्ये संसदेच्या वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, ज्या पहिल्या चार बायका तहहयात सदस्य झाल्या त्यांत ती होती. कर्झनची मुलगी, बापाच्या सभागृहात.

बापाला त्याच सभागृहाने मारलं. १८९८ मध्ये किताब घेताना त्याने मुद्दाम आयरिश किताब घेतला होता, पुढेमागे खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, परतायची वाट मोकळी राहावी म्हणून. एवढा पुढचा विचार. पण पुढे तो लॉर्ड्समध्येच गेला. मे १९२३ मध्ये पंतप्रधानाने राजीनामा दिला तेव्हा हा परराष्ट्रमंत्री, सगळ्यांत ज्येष्ठ, मॉन्टाक्यूटला होता. घरात टेलिफोन नव्हता. राजाच्या चिटणिसाची तार आली, लंडनला या. तो बायकोसकट आगगाडीत बसला आणि वाटभर बेत करत गेला, राहायचं आपल्याच घरी, डाउनिंग स्ट्रीट नुसतं कामापुरतं. लंडनला चिटणीस आला आणि सांगितलं की पंतप्रधान कॉमन्समधला हवा, बाल्डविनला नेमलंय. चौसष्ट वर्षांचा माणूस ढसढसा रडला. आठवड्याभरात पक्षाच्या सभेत बाल्डविनचं नाव नेतेपदासाठी त्यानेच मांडलं, आवळ घातलेल्या पाठीने ताठ उभं राहून. दोन वर्षांनी, २० मार्च १९२५ ला, गेला. मुलगा नसल्याने मोठे किताब त्याच्याबरोबर संपले. घर पुतण्याकडे, आणि १९८७ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे. आता तिकीट काढून कुणीही जातं. आम्ही गेलो.

ती रेल्वेतली वाट मात्र मला सोडत नाही. खिडकीशी बसलेला, घरांच्या सोयीचे बेत करणारा तो माणूस. त्याच्याबद्दल मला जे वाटतं त्याला बिचारा म्हणायची माझी तयारी नाही. दुष्काळाच्या कामावर खडी फोडणाऱ्या कुणाला आधी तो शब्द मिळू दे, मग उरला तर याला. असं मी ठरवलं, आणि तरी आईचं म्हणणं डाचत राहिलं. शेवटी परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारून टाकलं. तिने फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला होता, मला निम्मी आई आणि पूर्ण कुकर दिसत होता.

"तू कर्झनला बिचारा का म्हणालीस गं त्या दिवशी?"

"मी? कधी?" मग आठवलं. "बिचारा नाही म्हणाले. लाटसाहेबाला कशाला म्हणेन? बिचारं म्हणाले. त्या पोराला. टोपीवाल्या."

एवढंसं अनुस्वाराचं अंतर, आणि मी त्यावर वर्षभर भांडत होते. तो नव्हे, ते. ते पोर. मी हसले, पण आई हसली नाही. लसणाच्या पाकळ्या सोलत राहिली. मग खालीच बघत म्हणाली, "शहाऐंशी साली मी एकाला फिरवलं होतं." सातवी ब मधला मुलगा. प्रतापगडच्या सहलीचे पैसे घरून आणले होते पण वाटेत पडले, असं सांगत होता. बापाने दिलेच नव्हते. आईने पुठ्ठ्यावर 'मी खोटं बोलतो' असं लिहून त्याच्या गळ्यात अडकवलं आणि सगळ्या वर्गांतून फिरवून आणलं. "अक्षर पण छान काढलं होतं मी," म्हणाली. "जाड ब्रशनं." मला तिने हे कधी सांगितलं नव्हतं. त्या साली मी जन्मलेही नव्हते.

"कुठे असतो तो आता?"

"एसटीत कंडक्टर आहे. पाटण गाडीवर असतो कधी कधी. मला बघितलं की 'बाई, या' म्हणून पुढची जागा करून देतो. कमरेला पट्टा बघितल्यापासून तर उतरताना हात धरतो."

"मग? बोललीस का कधी त्याच्याशी? त्या पाटीचं?"

"गर्दी असते गं."

कुकरची शिट्टी झाली. "तिसरी ना ही?" तिने विचारलं. मी मोजल्या नव्हत्या. तिने गॅस बंद केला, वाफेने कॅमेरा धुरकटला, आणि पदराने तो पुसताना मला थोडा वेळ नुसती तिच्या साडीची वीण दिसत राहिली.